वेल्श चरित्रकोश व योलो मॉर्गानुगचीं बनावट साधनें

वेल्श लोकांचा राष्ट्रीय चरित्रकोश लंडनच्या कम्रोडोरियन मंडळाच्या विद्यमानें १९५३ सालीं वेल्श भाषेंत व १९५९ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला. सर जॉन एडवर्ड लॉइड व प्रा. आर. टी. जेंकिन्स हे त्याचे संपादक. राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख सर विल्यम लेवेलिन डेव्हिस हे त्यांचे सहकारी. पैकीं लॉइड १९४७ सालीं व डेव्हिस १९५२ सालीं निवर्तले. त्यामुळें छापून झालेला ग्रंथ हातीं घेण्याचा योग दोघांसही आला नाहीं. १९४० अखेरपर्यंत जे दिवंगत झाले त्यांचाच समावेश करावयाचा असा नियम होता. म्हणून ब्रिटनचा मुख्य प्रधान झालेला लॉइड जॉर्ज (मृत्यु १९४५) मूळ ग्रंथांत नाहीं. तो पुरवणींत आला. १९४१ ते १९५० ची पुरवणी १९७० सालीं व १९५१ ते १९७० ची १९९७ सालीं निघाली. आतां हा सर्व कोश आंतरजालावर कोणासही विनामूल्य पाहावयास मिळतो, व त्यांत नव्या चरित्रांची भर पडत असते.

या कोशाचें सर्वांगीण परीक्षण करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचा प्रश्न एकच आहे. ज्या देशाच्या प्राचीन व मध्ययुगीन इतिहासाचीं साधनें एका असामान्य माणसानें चाळीस वर्षें पद्धतशीरपणें भेसळ करून ठेविलीं, त्या देशाचा चरित्रकोश विश्वसनीय कसा करावयाचा, आणि त्या भेसळ करणाराचें चरित्र त्यांत कसें लिहावयाचें? आपल्याकडे बनावट महजर व मागाहून रचलेल्या वंशावळी हीं ज्यांच्या नित्य परिचयाचीं आहेत, त्यांस हा प्रश्न परका वाटूं नये.

प्रथम पूर्वीच्या कोशांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. रॉबर्ट विल्यम्स या पाद्र्याचा ‘थोर वेल्श पुरुषांचा’ चरित्रकोश १८५२ सालीं बाहेर पडला. आयझॅक फोक्सचा वेल्श भाषेंतील कोश १८७० सालचा. पुढें १९०८ या एकाच वर्षीं टी. आर. रॉबर्ट्स व टी. मार्डी रीस या दोघांचे दोन संग्रह निघाले. हे सर्व ग्रंथ कष्टानें व देशप्रेमानें लिहिलेले आहेत, व त्यांचे दोषही त्याच देशप्रेमांतून निघालेले आहेत. १८४७ सालीं शिक्षणचौकशीसाठीं नेमलेल्या इंग्रज कमिशनरांनीं वेल्श लोकांच्या भाषेची व नीतीची जी नालस्ती केली तिचा सल त्या पिढीच्या मनांत खोल गेला होता. अशा मनःस्थितींत चरित्रलेखक वकील होतो. धर्मोपदेशकांचीं जीं शेंकडों चरित्रें एकोणिसाव्या शतकांत निघालीं त्यांचा सांचा ठरलेला असे: धर्मशील माता, बालपणींचें दारिद्र्य, अकस्मात् झालेली जागृति, प्रवचनाचा प्रभाव व शांत मरण. ओवेन थॉमसनें १८७४ सालीं लिहिलेलें जॉन जोन्स (टालसार्न) याचें चरित्र या सांच्यांतलें असूनही त्यास पुरून उरतें, कारण त्यांत एका उपदेशकाच्या निमित्तानें वेल्समधील प्रवचनपरंपरेचाच इतिहास आला आहे. परंतु असे ग्रंथ थोडे.

या पार्श्वभूमीवर १९५३ चा कोश पाहिला म्हणजे त्याची योग्यता कळते. प्रत्येक चरित्राखालीं लेखकाचें नांव आहे व कोणत्या साधनांवरून तें लिहिलें तें नमूद केलें आहे. स्तुतीस कात्री लागली आहे. जेंकिन्स यांनीं स्वतः शेंकडों लेख लिहिले. त्यांची भाषा आटोपशीर, किंचित् मिस्किल, व जेथें पुरावा नाहीं तेथें गप्प बसणारी आहे. उणीव सांगावयाची तर ती निवडीची: उपदेशक, कवि, ग्रंथमुद्रक व जमीनदार घराणीं यांची गर्दी, आणि खाणींत, पोलादाच्या कारखान्यांत व चळवळींत ज्यांनीं अर्वाचीन वेल्स घडविलें त्यांची वाण, स्त्रिया तर हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या नसल्या तरी फारच थोड्या. अलीकडे आंतरजालावरील आवृत्तींत ही उणीव भरून काढण्याचा यत्न चालूं आहे. नांवांची अडचण मात्र कोणाच्या हातची नाहीं. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स या चारपांच आडनांवांत अर्धा देश सामावलेला. त्यामुळें गांवाचें नांव किंवा काव्यांतलें टोपणनांव जोडल्यावांचून माणूस सांपडत नाहीं.

अशाच एका विल्यम्सकडे आतां वळूं. एडवर्ड विल्यम्स हा ग्लॅमॉर्गन परगण्यांतील लान्कार्व्हन गांवच्या हद्दींत १७४७ सालीं जन्मला. बाप पाथरवट, मुलगाही पाथरवटच झाला आणि जन्मभर त्या धंद्यावर व उसनवारीवर जगला. दम्यासाठीं घेतलेला अफूचा अर्क त्यास कायमचा जडला. शाळा नाहीं, विद्यापीठ नाहीं. तथापि वेल्श हस्तलिखितांचें त्याच्याइतकें ज्ञान त्या काळीं क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. ‘योलो मॉर्गानुग’, म्हणजे ग्लॅमॉर्गनचा नेड, हें त्याचें कविनाम. कावब्रिज येथें त्यानें दुकान काढलें तेव्हां वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमाची साखर तो विकीत नसे. हिंदुस्थानांतून येणारी साखर ठेवी व तसें जाहीर सांगे. फ्रेंच राज्यक्रांतीचा तो चाहता होता, आणि १८०२ सालीं दक्षिण वेल्समध्यें एकेश्वरवादी ख्रिस्ती मंडळींची जी संघटना स्थापन झाली तिच्या संस्थापकांपैकीं तो एक होता.

हा त्याच्या चरित्राचा एक पदर झाला. दुसरा असा. १७८९ सालीं लंडनच्या वेल्श मंडळींनीं चौदाव्या शतकांतील श्रेष्ठ कवि डाव्हिड आप ग्विलिम याच्या कविता प्रथम छापल्या. ग्रंथाच्या शेवटीं एक परिशिष्ट होतें. त्यांतील कविता योलोनें धाडल्या होत्या. संपादक ओवेन जोन्स व विल्यम ओवेन (पुढें प्यू) यांनीं त्या मोठ्या आनंदानें घेतल्या, रसिकांनीं त्या वाखाणल्या, आणि कित्येकांस तर त्या मूळ कवितांहूनही गोड वाटल्या. त्यांपैकीं बऱ्याच योलोनें स्वतः केलेल्या होत्या. १८०१ ते १८०७ या काळांत ‘मिव्हिरियन आर्किऑलॉजी’ नांवाचे जुन्या वेल्श वाङ्मयाचे तीन खंड निघाले. त्याच्या संपादकांतही योलो होता. प्राचीन म्हणून त्यांत जी त्रिकांची तिसरी मालिका छापली आहे ती त्यानें जुन्या त्रिकांस मुरड घालून, वाढवून, नवीं घालून तयार केलेली. तींत हू गादार्न नांवाचा आद्य पुरुष वेल्श लोकांस दूरच्या उन्हाळी देशांतून ब्रिटनमध्यें घेऊन येतो. हा हू मुळांत शार्लमेनच्या यात्रेच्या एका फ्रेंच कथेंतील कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा. ती कथा वेल्शमध्यें उतरली व तिच्यांतून त्यास उचलून योलोनें राष्ट्राचा मूळपुरुष बनविला. योलोच्या मृत्यूनंतर (१८२६) त्याचा मुलगा टालिएसिन यानें जुळविलेले कागद १८४८ सालीं छापले गेले, त्यांत र्‍हिस गोख आप र्‍हिकर्ट नांवाच्या कवीचीं प्रेमगीतें होतीं. या नांवाचा पुरुष वंशावळींत आहे, गीतें योलोचीं. पुढें ड्रुइडांचें तत्त्वज्ञान म्हणून १८६२ सालीं जॉन विल्यम्स (आब इथेल) यानें जो ग्रंथ प्रसिद्ध केला तोही याच कागदांवर उभा होता.

आणि गोर्सेद. १७९२ सालच्या जून महिन्यांत, वर्षांतील सर्वांत मोठ्या दिवशीं, लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर योलोनें कांहीं खडे मांडून कवींची सभा भरविली, आणि ड्रुइडांच्या काळापासून ग्लॅमॉर्गनमध्यें अखंड चालत आलेला हा विधि आहे असें सांगितलें. १८१९ सालीं कारमार्दन येथील एका उताराच्या खानावळींत ही सभा काव्यस्पर्धेच्या महोत्सवाशीं, म्हणजे आयस्टेद्वोदाशीं, जोडली गेली. ती आजतागायत सुटलेली नाहीं. प्रतिवर्षीं वेल्सचा प्रमुख ड्रुइड कवीस मुकुट घालतो, व ‘सत्य, जगाविरुद्ध’ हें योलोचें ब्रीद उच्चारलें जातें. एका बनावट लेखकानें स्वतःस हें ब्रीद घ्यावें यांतील विनोद वेल्श लोकांस आपल्यापेक्षां आधीं कळला आहे. त्याबद्दल आम्ही अधिक लिहीत नाहीं.

या सर्वांचा परिणाम चरित्रलेखनावर काय झाला? जुन्या कोशकारांचें मुख्य साधन म्हणजे छापील ‘मिव्हिरियन’ व पुढें टालिएसिनचा संग्रह. साहजिकच योलोनें निर्मिलेले किंवा फुगविलेले राजे, संत व कवि चरित्रकोशांत येऊन बसले. संतांचें प्रकरण अधिक बिकट आहे. सहाव्या शतकांतील संतांच्या ज्या वंशावळी त्याच्या कागदांत आहेत त्यांत जुन्या अस्सल यादींतलीं नांवें व नवीं नांवें शेजारीं शेजारीं बसविलेलीं आहेत. ज्या गांवीं देऊळ आहे पण संस्थापक ठाऊक नाहीं तेथें त्यानें संस्थापक पुरविला. बेअरिंग-गूल्ड व फिशर यांनीं १९०७ ते १९१३ पर्यंत ब्रिटिश संतांचीं चरित्रें छापलीं, त्यांतही या यादींचा उपयोग झालेला आहे. एकदां छापलें गेलें म्हणजे खोटें नांव पुढच्या ग्रंथांत साधनासह जातें, आणि त्या साधनाचें साधन कोणी विचारीत नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झाडाझडती घेतली ती वाचलेल्यांस या रोगाचीं लक्षणें निराळीं सांगावयास नकोत. फरक इतकाच कीं बखरकार बहुधा चुकतो. योलो चुकत नव्हता.

खोट्या साधनाची किंमत केवळ ग्रंथांतच मोजली जाते असें नाहीं. वाउनव्हाउर गांवचा जॉन इव्हान्स (१७७०–१७९९) याचें चरित्र या संदर्भांत मुद्दाम वाचावें. बाराव्या शतकांत माडॉक नांवाचा वेल्श राजपुत्र अमेरिकेस गेला व त्याचे वंशज तेथें वेल्श बोलणारे तांबडे लोक म्हणून अद्याप आहेत, ही आख्यायिका योलोची नव्हे, ती जुनी. परंतु १७९१ च्या सुमारास लंडनमध्यें तिचें वारें सुटलें तेव्हां योलोनें तिच्या पुष्टीसाठीं पुरावे पुढें केले व आपण स्वतः शोधास जाणार असेंही जाहीर केलें. तो गेला नाहीं. बावीस वर्षांचा इव्हान्स गेला. बाल्टिमोरहून तो एकटा पश्चिमेस निघाला. सेंट लुईस येथें स्पॅनिश अधिकाऱ्यांनीं हेर समजून त्यास कैदेंत टाकलें. सुटल्यावर त्यांच्याच व्यापारी मोहिमेबरोबर तो मिझूरी नदीनें वर गेला, आणि १७९६–९७ चा हिंवाळा त्यानें मँडन लोकांत काढला. हे लोक वेल्श नव्हते. तसें त्यानें १७९७ सालीं सेंट लुईसहून स्पष्ट लिहून कळविलें. दोन वर्षांनीं न्यू ऑर्लीन्समध्यें तो मरण पावला. त्यानें केलेला नदीचा नकाशा पुढें लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेस उपयोगी पडला, म्हणजे त्याच्या श्रमाचें चीज झालें तें ज्या कामासाठीं तो निघाला नव्हता त्या कामांत. आमच्या मतें योलोच्या चरित्राचें एक पान या तरुणाच्या चरित्रांत आहे, व दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय पहिल्याचा न्याय होत नाहीं.

योलोचें बिंग फुटलें कसें, हें संशोधकास सर्वांत बोधक आहे. सर जॉन मॉरिस-जोन्स यांनीं १८९६ सालीं ‘कम्री’ या मासिकांत गोर्सेदचें प्राचीनत्व खोडून काढलें. परंतु कविता व त्रिकें यांच्यावर हात टाकण्यास मूळ कागद पाहिजे होते. टालिएसिनच्या मृत्यूनंतर ते लान्ओव्हरच्या वाड्यांत पडून होते. १९१६ सालीं ते अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आले. ग्रिफिथ जॉन विल्यम्स या तरुण पंडितानें ते वाचण्यास घेतले, आणि १९२६ सालीं, योलोच्या मृत्यूस बरोबर शंभर वर्षें होत असतां, परिशिष्टांतील कवितांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची रीत साधी होती. प्रत्येक कवितेची योलोपूर्वींची प्रत कोठें आहे का तें शोधणें. प्रत्येक संशयित शब्द त्या काळीं होता का तें पाहणें. छंद व अनुप्रासाचे नियम चौदाव्या शतकांतले कीं अठराव्यांतले तें तपासणें. शेवटीं योलोच्या स्वतःच्या कबूल केलेल्या लिखाणाशीं ताळा घेणें. एकेका आधारावर त्यानें निकाल दिला नाहीं, चारही जुळले तेथें दिला. पुढें टॉमस पॅरी यांनीं १९५२ सालीं डाव्हिड आप ग्विलिमची चिकित्सक आवृत्ति काढली, आणि रॅचेल ब्रॉमविच यांनीं १९६१ सालीं अस्सल त्रिकें निराळीं करून छापलीं. कवि व त्याचें चरित्र दोन्ही त्यामुळें आकारानें लहान झालीं, पण भरींव झालीं.

चरित्रकोशांतील योलोवरचा लेख याच ग्रिफिथ जॉन विल्यम्सचा आहे. चोर पकडणारानेंच चोराचें चरित्र लिहावें हें क्वचित् घडतें. परंतु लेख वाचला असतां वैराचा मागमूस लागत नाहीं. त्यानें जन्मभर योलोचा पाठलाग केला व त्या पाठलागांत त्याच्यावर प्रेम केलें. ग्लॅमॉर्गनची खरी वाङ्मयीन परंपरा योलोइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हती, हें त्यानेंच प्रथम पुराव्यानें दाखविलें. खरी अडचणही हीच आहे. योलोच्या कागदांत केवळ बनावट असतें तर ते बाजूस सारतां आले असते. त्यांत आतां अन्यत्र न मिळणाऱ्या मजकुराच्या प्रामाणिक नकला आहेत, शेतकऱ्यांच्या तोंडून उतरून घेतलेलीं गाणीं आहेत, बोलीचे शब्द आहेत. एकाच हातानें, एकाच शाईनें, एकाच वहींत.

गेल्या पंचवीस वर्षांत योलोकडे पाहण्याची दृष्टि बदलली आहे. वेल्स विद्यापीठाच्या केल्टिक अभ्यासकेंद्रानें त्याच्यावर मोठें काम हातीं घेतलें; गेरेंट जेंकिन्स यांनीं संपादिलेला लेखसंग्रह २००५ सालीं निघाला, त्याचा पत्रव्यवहार २००७ सालीं तीन खंडांत छापला गेला, आणि मेरी-अॅन कॉन्स्टंटाइन यांनीं त्याच वर्षीं बनावट लेखन हा रोमँटिक युगाचाच एक व्यापार कसा होता तें मार्मिकपणें उलगडून दाखविलें. मॅकफर्सनचा ऑसियन, चॅटर्टनचा राउली व योलोचा डाव्हिड हे एका काळचे सोबती. या अभ्यासानें योलो मोठा झाला, व तो मोठा होताच. त्याचें काव्यसामर्थ्य, गुलामगिरीविरुद्धचा त्याचा आवाज, राजसत्तेविषयींची त्याची निर्भीडता यांस पूर्वीच्या लेखकांनीं पुरेशी जागा दिली नव्हती.

तथापि या नव्या मतांतील एका प्रवाहाशीं आमचा विरोध आहे. अफूच्या अंमलाखालीं खरें व कल्पित यांतील भेद त्यास उरला नव्हता, अशी एक सबब दिली जाते. आणि लहान राष्ट्रास आपला भूतकाळ निर्माण करण्याची गरजच होती, अशी दुसरी. पहिली सबब टिकत नाहीं. भ्रमिष्टाच्या कल्पना चोहोंकडे भटकतात. योलोच्या सर्व कल्पना एकाच दिशेस जातात. प्राचीन विद्या, कवींचा विधि, छंदशास्त्र, संत, प्रेमकाव्य, जें जें चांगलें तें ग्लॅमॉर्गनचें व तें जपणारा शेवटचा वारस मीच, हें सूत्र चाळीस वर्षें एकदांही सुटत नाहीं. उत्तर वेल्सच्या पंडितांपुढें आपल्या परगण्यास कमीपणा येतो याचा त्यास खरा राग होता. रागानें माणूस आंधळा झाला असेल, भ्रमिष्ट नव्हे. दुसरी सबब अधिक गंभीर आहे, आणि तिचें उत्तर वेल्सच्याच इतिहासांत आहे.

अॅन ग्रिफिथ्स (१७७६–१८०५) ही मॉंटगमरी परगण्यांतील डोल्वार व्हाख या शेतावर वाढली. मेथडिस्ट पंथांत तिनें प्रवेश केला, १८०४ सालीं तिचें लग्न झालें, आणि पुढच्याच वर्षीं बाळंतपणानंतर ती गेली; वय एकोणतीस. तिचीं स्तोत्रें सुमारें सत्तर कडवीं होतील. तीं तिनें प्रसिद्धीसाठीं लिहिलीं नव्हतीं. घरची मोलकरीण रूथ इव्हान्स हिला ती तीं म्हणून दाखवी व रूथच्या स्मरणांत तीं राहिलीं. रूथचा नवरा जॉन ह्यूज, पाँटरॉबर्टचा उपदेशक, यानें तीं तिच्या तोंडून उतरून घेतलीं. १८०६ सालीं तीं छापलीं गेलीं, आणि आज वेल्श भाषेंतील उत्कृष्ट धर्मकाव्यांत त्यांची गणना होते. अॅनच्या हातचें एक पत्र मात्र उरलें आहे व त्यासोबत एक कडवें. एवढाच तिच्या अक्षराचा पुरावा. ह्यूजनें तिच्यावरील आपला चरित्रलेख लिहिला तो १८४६ सालीं, म्हणजे चाळीस वर्षांनीं. त्यांत पंथाच्या सांच्याची छाया पडलेली आहे, व तिच्या तरुणपणाच्या नाचगाण्याचें वर्णन वाचतांना ती लक्षांत ठेवावी लागते.

आतां कागदी पुराव्याच्या दृष्टीनें तुलना करा. योलोच्या बाजूस जुन्या हस्तलिखितांचा हवाला, प्रतीचें ठिकाण, लेखकाचें नांव, सर्व कांहीं. अॅनच्या बाजूस एका मोलकरणीची स्मरणशक्ति. कठोर संशोधक पहिल्यास ग्राह्य धरील व दुसऱ्यास संशयास्पद ठरवील, आणि एकोणिसाव्या शतकांत पुष्कळांनीं योलोस ग्राह्य धरलेंच. परंतु रूथला स्तोत्रांतून मिळवावयाचें कांहीं नव्हतें. योलोस आपल्या हस्तलिखितांतून सर्व कांहीं मिळवावयाचें होतें. साधन कागदावर आहे कीं तोंडीं आहे याआधीं तें कोणाच्या हातून आलें व त्याचा त्यांत काय स्वार्थ होता, हें विचारलें पाहिजे. आणि लहान राष्ट्रास भूतकाळ निर्माण करावा लागतो असें म्हणणारांस एवढेंच विचारावें, कीं योलो ज्या काळांत प्राचीन म्हणून बनावट साधनें घडवीत होता त्याच काळांत त्याच देशाच्या एका शेतावर हीं स्तोत्रें होत होतीं. मग उणें कशाचें होतें?

कोशकारांसही याच कसोटीवर एक सूचना करावीशी वाटते. ग्रिफिथ जोन्स (लान्डाउरोर, मृत्यु १७६१) यानें फिरत्या शाळा काढून शेतकऱ्यांस वेल्श बायबल वाचावयास शिकविलें. शिकलेल्यांची संख्या दीड लाखांवर गेली असें सर्वत्र लिहितात. काम थोर होतें यांत शंका नाहीं. पण हा आंकडा त्याच्याच वार्षिक अहवालांतून येतो, व ते अहवाल इंग्लंडांतील देणगीदारांसाठीं लिहिलेले होते. आंकडा खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो लिहितांना त्याचें उगमस्थान त्याच वाक्यांत सांगावें. कोशाची रचना व्यक्तिवार असल्यामुळें योलोचा अपराध योलोच्या नांवाखालीं वाचावयास मिळतो, आणि त्याचा विटाळ ज्या ज्या संताच्या, कवीच्या किंवा राजाच्या चरित्रास झाला तेथें तो कळलाच पाहिजे असें नसतें. छापील ग्रंथांत हें कठीण होतें. आंतरजालावरील आवृत्तींत प्रत्येक अशा लेखाच्या माथ्यावर एक ओळ घालणें कठीण नाहीं, आणि ती घालण्यास लागणारें सर्व साहित्य हातीं आहे. योलोच्या वह्या, जॉन ह्यूजनें रूथच्या तोंडून उतरून घेतलेलीं स्तोत्रें व अॅनच्या हातचें तें एक पत्र, हीं सर्व अॅबरिस्टविथच्या एकाच ग्रंथालयांत आहेत.